दादाच्या नावावर

माझ्या बाबांनी आयुष्यात एकदाच रंगमंचावर पाऊल ठेवलं. शाळेच्या संमेलनात त्यांना झाडाचं काम मिळालं होतं. ते झाड इतकं हलत होतं की दुसऱ्या अंकात बाईंनी जंगलच रद्द केलं. आणि तरीही शहरातल्या एका नाट्यशाळेच्या जुन्या हजेरीपटावर बाबांचं नाव आहे, आणि त्या नावाचा मुलगा अभिनयात वर्गात पहिला होता, असं तिथले जुने लोक सांगतात. तो मुलगा म्हणजे माझी आत्या.

आजोबांचं केस कापायचं सलून होतं. दोन खुर्च्या, समोर लांब आरसा, भिंतीला टेकलेला बाक, आणि मागे एक खोली, तिथे टॉवेल वाळत असायचे. टॉवेल धुवायचे, फरशीवरचे केस झाडायचे ही आत्याची कामं. माणसं बघायचं काम तिला कुणी दिलं नव्हतं, ते तिने आपणहून घेतलं. ती म्हणते, बाहेर कितीही तोऱ्यात फिरणारा माणूस असो, खुर्चीत मान मागे टाकली आणि गळ्याशी वस्तरा आला की त्याचा सगळा रुबाब साबणाच्या फेसात विरघळतो. कुणी डोळे गच्च मिटतो, कुणी उगाच बायकोचं कौतुक करायला लागतो. एक ठेकेदार तर दाढी होईपर्यंत झोपायचा आणि झोपेत मजुरांना शिव्या द्यायचा. संध्याकाळी दुकानाचं दार अर्धं ओढलं की आत्या ही सगळी गिऱ्हाइकं करून दाखवायची. आजोबा हसून हसून झाडूवर रेलायचे. आजी मागच्या खोलीतून म्हणायची, "पुरे. ऐकलं कुणी तर उद्यापासून घरीच दाढी करतील लोक."

नाट्यशाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. दुमजली इमारत, वर मोठ्या खिडक्यांचा तालमीचा वर्ग, खाली नाट्यगृह. तिथे फक्त मुलगे घेत. बायकांच्या भूमिकाही मुलगेच करत. का, असं विचारलं तर सांगत, इथली पद्धत आहे. पद्धत आहे म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही.

आत्याने विचारलं. सोळा वर्षांची होती, झगा घालून, वेणी घालून बसने एकटी गेली आणि कार्यालयाच्या खिडकीशी उभी राहिली. आतल्या कारकुनाने तिला नीट ऐकून घेतलं, मग प्रेमाने म्हणाला, "बाळ, मागच्या गल्लीत शिवणाचा वर्ग आहे. तिथे मुली जातात."

ती घरी आली ती थेट आजोबांच्या खुर्चीत जाऊन बसली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. गळ्याभोवती स्वतःच कापड बांधलं.

"काप."

"काय कापू?"

"केस. मुलांसारखे."

आजोबांनी आजीला हाक मारली. आजी आली, सगळं ऐकलं, वेणी हातात घेऊन तोलल्यासारखी केली आणि म्हणाली, "केस काय, पुन्हा येतील." आजोबांनी हजारो डोकी भादरली होती, पण त्या दिवशी त्यांच्या कात्रीला वेळ लागला. मध्येच ते थांबले. "पकडली गेलीस तर?"

"तर पकडली गेले. न गेले तर कुणी पकडणार नाही, पण मग मी गेलेच नाही ना."

राहिला शाळा सोडल्याचा दाखला. तो बाबांचा होता. बाबा आत्याहून दीड वर्षाने मोठे, शिक्षणाला रामराम ठोकून दुकानात उभे राहायला लागले होते. ते म्हणाले, "घेऊन जा. मला त्या कागदाचा उपयोग नाही. फक्त माझ्या नावावर कुणाशी मारामारी करू नकोस."

त्याच आठवड्यात ती बाबांची पँट आणि सदरा घालून त्याच खिडकीशी उभी राहिली. तोच कारकून. त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"तुझी बहीण आली होती का रे मागे?"

"हो."

"तिला सांग, शिवण चांगलं असतं."

"सांगतो."

निवड करायला अभिनयाचे सर बसले होते. ते धिप्पाड होते आणि उन्हाळ्यातही गळ्याभोवती रेशमी मफलर गुंडाळायचे. ते म्हणाले, काहीतरी करून दाखव. आत्याने झोपेत शिव्या देणारा ठेकेदार करून दाखवला. सर हसले नाहीत, पण हातातलं पेन खाली ठेवलं. तिला प्रवेश मिळाला.

तिच्या केसांबद्दल शेजारणींना सांगितलं की टायफॉइड झाला होता. बायका हळहळल्या. वर्ष उलटलं तरी एकेक जण विचारायची, "अजून वाढले नाहीत का गं?" आणि आत्या तोंड पाडून म्हणायची, "नाही ना." कुणी तेल आणून दिलं, कुणी कसली मुळी उगाळून दिली. आजोबा दर पंधरा दिवसांनी गुपचूप केस बारीक करायचे आणि आजी ती तेलं दिव्याला वापरायची.

सकाळी ती दुकानाच्या मागच्या खोलीत टॉवेलांमध्ये कपडे बदलायची. सतराव्या वर्षी वर्गातल्या मुलांना मिसरूड फुटलं, तेव्हा आजोबांनी नवी युक्ती काढली. अधूनमधून तिच्या हनुवटीवर कापसाचा चिमटीएवढा तुकडा चिकटवायचे, दाढी करताना कापलं असं वाटावं म्हणून. सर एकदा वर्गात म्हणाले, "सलूनवाल्याचा पोरगा आणि दाढी येत नाही." हे तिने घरी सांगितल्यावर आजोबा दिवसभर धुसफुसत होते. मुलगी पकडली जाण्याची त्यांना भीती होती, पण त्यांच्या हाताला कुणी नाव ठेवलेलं त्यांना जास्त लागलं.

सगळ्यात अवघड होतं पाणी. ती सकाळपासून घोटभरही पाणी प्यायची नाही, आणि दुपारी सुट्टी झाली की समोरच्या वाचनालयात जायची, तिथल्या संडासाला आतून कडी होती. तिथल्या बाईंना वाटायचं, पोरगा काय वाचनवेडा आहे. बोलण्याची तर इतकी सवय झाली की घरीही ती म्हणायची, "मी जेवतो." आजी म्हणायची, "जेवतो ना? मग ताटही उचलतो का बघू."

मुलांनी तिचं नाव ठेवलं वस्तरा. सलूनवाल्याचा म्हणून, आणि जिभेलाही धार होती म्हणून.

सर शिक्षक म्हणून चांगले होते, हे आत्या अजून कबूल करते. आवाज घशातून नाही, पोटातून काढायचा. कुजबुजलं तरी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू गेलं पाहिजे, हे त्यांनी तिला घोटून शिकवलं. पण 'स्त्रीपात्र' या विषयावर आले की सरांचं सगळं गणित बिघडायचं. बाई म्हणजे लाज, बाई म्हणजे झुकलेली मान. बाई रडली की बोटाच्या टोकाने डोळा टिपते, हसली की तोंडावर हात घेते. बाईची पावलं लहान पडावीत म्हणून ते मुलांच्या गुडघ्यांना पट्टी बांधून चालायला लावायचे.

आत्याची पाळी आली. ती चालली, पट्टी सुटली, तरी चालत राहिली.

"ही बाई आहे की पोस्टमन?" सर म्हणाले.

"बाई आहे, सर."

"अशी चालते बाई?"

"माझी आई अशीच चालते. दोन्ही हातांत बादल्या असतात."

"मग पाठव आईला. चालायला शिकवतो तिला."

वर्ग हसला. आत्या म्हणाली, "पाठवतो. बादल्या तुम्हाला धराव्या लागतील."

आठवडाभर तिला वर्गाबाहेर उभं केलं. परत घेतलं तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर निकाल दिला, "वस्तऱ्या, तुला बाई जमणार नाही. या जन्मात तरी नाही. तू पुरुषच कर."

ही गोष्ट सांगताना आत्या इथे थांबते आणि आपल्याकडे बघते. आपण हसलो की पुढे जाते.

तिचं गुपित वर्गात एकालाच कळलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा होता, गोड बारीक आवाजाचा, म्हणून सगळे त्याला मैना म्हणायचे. शाळेतल्या सगळ्या नायिका त्याच्या वाट्याला यायच्या. एके दिवशी डबा खाताना तो तिच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "तू मुलगी आहेस."

आत्याच्या तोंडात घास होता. तिने तो नीट चावून गिळला. "कशावरून?"

"मी सारखा बायका बघत असतो. बसथांब्यावर, बाजारात, घरात आईला, मामीला. माझा अभ्यासच आहे तो. तू जिना चढताना डावा हात मांडीपाशी नेतोस. झगा उचलायला. पँट कुणी उचलतं का?"

"मग आता?"

"आता काही नाही. तो हात खिशात घालत जा."

दोघांनी डबे संपवले. शेवटी मैनाने विचारलं, "मला एक सांग. मी करतो ती बाई खरी वाटते का?"

"नाही."

"का?"

"तुझी बाई सारखी कुणीतरी बघतंय असं समजून वागते. माझी आई मागच्या खोलीत एकटी टॉवेल पिळते, तेव्हा तिला कोण बघतं?"

मैनाला राग आला. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "टॉवेल कसा पिळते, दाखव." तेव्हापासून सुट्टीत दोघांचा वेगळाच वर्ग भरायचा. मैनाकाका आजही आमच्या घरी येतात, आणि यातलं निम्मं मला त्यांनीच सांगितलंय, कारण आत्या स्वतःचं कौतुक गाळते आणि भांडणं तेवढी सांगते.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मोठं नाटक होतं. एका बाईवर नवऱ्याला मारल्याचा आरोप असतो, आणि एक म्हातारा न्यायाधीश, ज्याला लवकर घरी जायचंय, तो तिचा खटला ऐकतो. आरोपी बाई मैना होता. न्यायाधीश आत्या. ती न्यायाधीश असा करायची की तालमीत इतर मुलं आपापली कामं सोडून बघत बसायची. तो म्हातारा कंटाळलेला होता, पाठीला खाज येत होती, आणि हळूहळू त्याला नको असताना ती बाई ऐकू यायला लागायची. सरांनी एकदा तालीम संपल्यावर तिच्या पाठीवर थाप मारली. त्यांच्याकडून ती थाप फार कमी जणांना मिळाली होती.

नाटकाला थोडे दिवस उरले असताना न्यायाधीशाच्या उंच चौथऱ्याची फळी निसटली आणि आत्या वरून खांद्यावर पडली. सरांनी स्वतः तिला उचलून रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. वाटेत ते तिला धीर देत होते. डॉक्टरांनी सांगितलं, सदरा काढा. आत्या म्हणाली, काढणार नाही. सर म्हणाले, "अरे, लाजतोस काय मुलींसारखा?"

डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सरांना बाहेर बसायला सांगितलं. थोड्या वेळाने ते हात पुसत बाहेर आले.

"मुलीचं गळ्याजवळचं हाड मोडलंय. हात बांधून ठेवावा लागेल."

"कुठल्या मुलीचं?"

"तुम्ही आणलीत तिचं."

सर बाकावर बसले. आत्या सांगते, ती हात गळ्यात बांधून बाहेर आली तेव्हा त्यांनी मफलर काढून मांडीवर ठेवला होता. त्यांची मान तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिली. म्हाताऱ्या माणसाची मान होती.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी घरच्यांना बोलावलं. आजोबा, आजी, आत्या आणि बाबाही, कारण नाव त्यांचं होतं. प्राचार्य तापलेले नव्हते, घाबरलेले होते. ही गोष्ट बाहेर फुटली तर पालक काय म्हणतील, देणगीदार काय म्हणतील. त्यांनी रात्रभर विचार करून तोडगा काढला होता. मुलाला आजार झाला असं जाहीर करायचं. मुलगी गुपचूप घरी जाईल. वर्ष जवळजवळ पूर्ण झालंच आहे, तेव्हा प्रमाणपत्र घरपोच देऊ. दाखल्यावरच्या नावाने.

"म्हणजे दादाला?" आत्याने विचारलं.

"नाव त्याचंच आहे ना."

"त्याला कशाला? तो बिचारा दाढ्या करतोय. त्याला झाडसुद्धा जमलं नव्हतं."

बाबांनी मान हलवून दुजोरा दिला.

आजोबा हळूच म्हणाले, "घे की गं. हातात काहीतरी राहील."

"माझं नाव घालून द्या," आत्या म्हणाली. "मग आत्ता निघते. आजारी आहे म्हणा, मेले म्हणा, काय वाटेल ते म्हणा."

"ते होणार नाही. या शाळेत मुलगी शिकलेली नाही."

"शिकली. तुमच्यासमोर बसलीय."

प्राचार्यांनी तिचा नाद सोडला आणि ते आजीकडे वळले. "बाई, तुम्हाला या सगळ्याची लाज नाही वाटत?"

आजी खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती. तिने विचार केला. "लाज वाटायला ती नापास कुठे झालीय?" ती म्हणाली. मग चौघं उठून बाहेर पडले.

आत्याला वाटलं होतं, आपण जिंकून आलो. घरी आल्यावर कळलं की जिंकलं काहीच नाही. शाळेचं दार बंद झालं होतं, प्रमाणपत्र नाही, खांदा ठणकत होता. ती मागच्या खोलीत टॉवेलांत तोंड खुपसून रडली. बोटाच्या टोकाने डोळे टिपायचं तिला तेव्हाही सुचलं नाही.

सकाळी उठून तिने झगा घातला, बस पकडली आणि शाळेत गेली. फाटकावरच्या माणसाने आत सोडलं नाही. मग ती बाजूच्या गल्लीत, तालमीच्या वर्गाच्या खिडक्यांखाली उभी राहिली. वर आवाजाचे धडे सुरू झाले. सर एक ओळ म्हणत, मागून मुलं म्हणत. तिसरी ओळ खालून आली. एका हाताला झोळी, डोक्यावर पोरासारखे केस, अंगात झगा, आणि आवाज असा की समोरच्या वाचनालयातल्या बाई पुस्तक घेऊन दारात आल्या.

वर खिडक्या लागल्या. उन्हाळा होता. थोड्या वेळाने एक उघडली, मग दुसरी. सरांनी पुन्हा लावल्या, मुलांनी पुन्हा उघडल्या. रोज हेच. गल्लीतला किराणावाला तिला बसायला पेटी द्यायला लागला. ती बसायची नाही. सर म्हणायचे, आवाजाचे धडे उभ्याने.

एके दिवशी सर खाली आले.

"तू मला फसवलंस," ते म्हणाले. "मी किती मेहनत घेतली तुझ्यावर."

"वाया नाही गेली, सर. वर ऐकू येतंय ना?"

"ऐकू येतं."

"शेवटच्या रांगेपर्यंत?"

सरांनी तिच्या झोळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "खांद्याला ऊन लागू देऊ नकोस," आणि जिना चढून गेले. त्यांनी तिला परत घेतलं नाही. पण त्या दिवसापासून खिडक्या लावणंही सोडून दिलं.

नाटकाच्या संध्याकाळी घरातले सगळे तिकिटं काढून गेले. आजीने निळा झगा शिवला होता, मोडक्या खांद्यासाठी एक बाही मोकळी ठेवून. तिसऱ्या रांगेत बसले. पडदा उघडण्याआधी प्राचार्य समोर आले आणि म्हणाले की न्यायाधीशाची भूमिका करणारा आमचा गुणी विद्यार्थी अचानक आजारी पडल्यामुळे त्याच्या जागी दुसरा विद्यार्थी उभा राहील. त्यांनी नावही घेतलं. स्वतःचं नाव ऐकून बाबा सवयीने उठायला लागले. आजीने त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं.

उभी राहिली ती आत्या.

"मी आजारी नाही," ती म्हणाली. ती ओरडली नाही. पण नाट्यगृहात खोकणारी माणसं खोकायची थांबली. "तुम्ही म्हणताय तो विद्यार्थी मी आहे. दादाचं नाव लावून दोन वर्षं शिकले. मुलगी आहे म्हणून मला काढलंय. खांदा मोडलाय, तो जुळेल. आजार वगैरे काही नाही. नाटक सुरू करा."

आणि ती बसली.

कुणीतरी मागे हसलं. कुणीतरी त्याला गप्प केलं. दारावरचा माणूस रांगेपर्यंत आला, पण झोळीत हात असलेल्या मुलीला धरून काढायचं तरी कुठून, हे त्याला कळेना. आजीने त्याच्यासमोर चारही तिकिटं धरली. त्याने ती एकेक करून तपासली. "तिकिटं आहेत," तो प्राचार्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि परत दाराशी जाऊन उभा राहिला.

नाटक सुरू झालं. न्यायाधीश झालेल्या मुलाने काम बरं केलं. आत्या तेवढंच म्हणते, बरं केलं. मग पिंजऱ्यात आरोपी बाई आली. मैनाने गुडघ्यांची पट्टी बांधली नव्हती. तो लांब, जड पावलं टाकत आला, दोन्ही हात बाजूंना असे सोडलेले की त्यांत भरल्या बादल्या आहेत. मान झुकवली नाही. साक्ष देताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने तळहाताने सरळ कानापर्यंत पुसलं. आजी आत्याच्या कानाशी लागली. "ही कोण गं? ओळखीची वाटते." विंगेत सर उभे होते. मैनाकाका सांगतात, ते पहिल्यांदा कपाळाला हात लावून उभे होते, नंतर तो हात खाली आला आणि ते नुसते बघत राहिले.

पुढे लगेच काही चांगलं झालं नाही. काही गिऱ्हाइकं तुटली, आजीचा होरा खरा ठरला. टायफॉइडवर तेल देणाऱ्या शेजारणी वर्षभर बोलत नव्हत्या, आणि त्यांचं बरोबर होतं, असं आत्या म्हणते. ती आजोबांच्या हाताखाली दुकानात उभी राहिली. बाईच्या हातचा वस्तरा गळ्याला लावून घ्यायला पुरुष कचरायचे. पहिला बसला तो झोपेत शिव्या देणारा ठेकेदार. त्याला झोप महत्त्वाची होती.

खांदा जुळल्यावर ती एका फिरत्या नाटक कंपनीच्या मालकाकडे गेली. त्याने प्रमाणपत्र मागितलं.

"दिलं नाही."

"का?"

"मुलगी निघाले म्हणून."

मालक म्हणाला, "तो दोष आमच्याकडे चालतो. आम्हाला मुलगीच हवीय."

त्या कंपनीत आणि मग आणखी दोन कंपन्यांत तिने आयुष्य काढलं. नाव मोठं झालं नाही. बहुतेक आया, सासवा, मोलकरणी. एकदा तिच्याबद्दल छापून आलं की यांचा अभिनय सफाईदार असला तरी त्यात स्त्रीसुलभ नाजूकपणा कमी पडतो. ते कात्रण तिने दुकानाच्या आरशाला लावून ठेवलं होतं. लग्न झालं नाही. वाईट वाटलं का, असं मी एकदा धीर करून विचारलं. "दौऱ्यावर असताना आठवायचंही नाही," ती म्हणाली. "ताप आला की आठवायचं."

दौरा नसेल तेव्हा सुट्टीच्या दिवशी ती सलूनमध्ये मुलींना शिकवायची. खुर्च्या भिंतीकडे सरकवायची, बाकावर मुली बसायच्या. मीही त्यात बसले, आणि बाबांचे गुण माझ्यात पुरेपूर उतरले आहेत हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. तिने मला पडदा ओढायला ठेवलं.

त्या नाट्यशाळेत पुढे मुलींना प्रवेश मिळायला लागला. सर तोवर गेले होते. नव्या प्राचार्यांनी आत्याला समारंभाला बोलावलं आणि सांगितलं की शाळा तुम्हाला सन्मानाने प्रमाणपत्र देणार आहे, तुमच्या स्वतःच्या नावाने.

"कुठल्या सालचं?" आत्याने विचारलं.

"याच सालचं. जुन्या तारखेचं देता येत नाही, नियम आहे."

"मग नको. मी त्या साली पास झाले होते. या साली मी काही शिकलेले नाही तुमच्याकडे."

बाबांनी समजावलं, मैनाकाकांनी समजावलं. ती समारंभाला गेली, पहिल्या तुकडीतल्या मुलींशी गप्पा मारल्या, एकीला उभं कसं राहायचं ते दाखवलं, चहा प्यायली आणि रिकाम्या हाताने परत आली. बसमध्ये मी तिच्या शेजारी होते. ती मजेत होती.

आता तिला पंचाहत्तरी लागली. मागच्या वर्षी घशावर लहानसं ऑपरेशन झालं. टाके काढायला मी तिला घेऊन गेले. तरुण डॉक्टर होता, खोलीचं दार उघडंच होतं, बाहेर पेशंट बसलेले. तो हळू आवाजात म्हणाला, "आजी, आता यापुढे कमी बोलायचं. आणि बोललात तरी अगदी हळू. चालेल?"

आत्याने पाठ सरळ केली, पाय जमिनीवर नीट रोवले.

"नाही," ती म्हणाली, आणि बाहेर अगदी शेवटच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याने वर पाहिलं.